बाबा सुट्टीवर आले की घरात भांडणं का होतात?

पत्र, थोडक्यात: “मॅडम, मी मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. बाबा फौजेत हवालदार आहेत, सध्या फिल्डवर. ते तिकडे असले की आई उशीखाली मोबाईल ठेवून झोपते, म्हणजे झोपतच नाही. ते सुट्टीवर आले की आठ दिवस दिवाळी आणि नवव्या दिवसापासून भांडणं. मागच्या वेळी आईने भाव वाढेल म्हणून ठेवलेलं सोयाबीन बाबांनी आल्या आल्या विकलं. दोन दिवस स्वयंपाक मीच केला. गावातल्या बाकी फौजींच्या घरीही हेच चालतं. मला यावर संशोधन करायचं आहे. काका म्हणतात, बी.एड. कर. बाबा म्हणतात, घरातलं बाहेर सांगायचं नसतं. यात करिअर आहे का?”

प्रिय मुली,

आधी आईचं, करिअरचं नंतर. तिला झोप न येण्याला किती महिने झाले ते तू लिहिलेलं नाहीस. दोन आठवड्यांहून जास्त झाले असतील, जेवण तुटलं असेल, चिडचिड वाढली असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं, त्यासाठी तुझं संशोधन व्हायची वाट बघायची नाही. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्षही आहे. पहिला फोन तू लाव आणि मग तिच्या हातात दे.

आता नवव्या दिवसाचं. सोयाबीन हे निमित्त. फवारणी कधी करायची, पीककर्ज कधी भरायचं, हे जिने वर्षभर एकटीने ठरवलं तिला एका सकाळी कुणी विचारेनासं झालं. आणि तिकडे बर्फात बसून जो रोज मनातल्या मनात याच घरात वावरत होता, त्याला घरात आल्यावर स्वतःची जागा सापडेना. त्याने जागा केली ती मालकी दाखवून. कोण चुकलं, हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही.

तुला जे ओसरीवरून दिसलं ते रूबेन हिल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर आयोवातल्या सैनिकांच्या घरांत पाहिलं होतं. (आयोवा म्हणजेही शेतकऱ्यांचाच मुलूख, मक्याचा.) १९४९ साली त्याचा अभ्यास छापून आला. माणूस जाणं हे एक संकट आणि तो परत येणं हे दुसरं, हे त्याने वेगवेगळं तपासलं. नुसत्या घटनेने घर मोडत नाही. घराच्या गाठीला काय आहे आणि घर त्या घटनेचा अर्थ काय लावतं, यावरही ते ठरतं, असं त्याचं सूत्र. पुढे व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांना भेटता भेटता पॉलिन बॉस या बाईंना कळलं, की माणूस गेला असंही म्हणता येत नाही आणि आहे असंही म्हणता येत नाही, या अधांतरी दुःखाला नावच नाही. त्यांनी ते दिलं: ‘अँबिग्युअस लॉस’, म्हणजे धड न ठरलेलं गमावणं. तुझ्या बाबांचं तसं नाही, देव करो नि तसं होऊ नये. पण ‘मनात आहे, घरात नाही’ आणि उलट ‘घरात आहे, मन तिकडेच’ या दोन्ही गोष्टी त्यांच्या लिखाणात सापडतील.

मग तुझ्यासाठी काय उरलं? भरपूर. छावणीतल्या कुटुंबाला शेजारीण फौजीचीच बायको मिळते, जवळ मिलिटरी हॉस्पिटल असतं, १९६६ पासून ‘आवा’ ही सैनिकपत्नींची संघटना आहे. मेहकरकडच्या खेड्यात राहणाऱ्या सुनेला सासू-सासरे, चार एकर आणि मोबाईलची रेंज, एवढंच. तिच्याकडे कुणी फारसं पाहिलेलं नाही. त्यात आता अग्निवीर आले. पहाटे रस्त्याने धावणारी पोरं तू रोज बघतेस. चार वर्षांची नोकरी, पुढे त्यांतल्या चौथाईलाच कायम होता येतं. त्यांच्या आयांचा घोर, ठरता ठरता थांबलेली लग्नं, यावर मराठीत बसून प्रश्न विचारणारी व्यक्ती हवीच आहे.

प्रश्न विचारणं मात्र सोपं नाही, हे मी ठेच खाऊन शिकले. नवखी असताना यवतमाळकडे एका घरी छापील प्रश्नावली घेऊन गेले. ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस निराश वाटलं?’ बाई म्हणाली, “नाई जी, मस्त हाय.” शून्य गुण. फाईल मिटली, चहा आला, आणि कपबशी पुढे करत ती म्हणाली, “रातभर डोयाले डोया नाई लागत, जीव नुसता धकधक करते.” माझ्या कागदावर त्याला रकानाच नव्हता. हा रकाना तुला आखता येईल, कारण ती भाषा तुझ्या घरची आहे.

आपल्याकडे असं काम होत नाही असं कुणी म्हटलं तर अमरावती जिल्ह्यातला ‘विश्राम’ प्रकल्प सांग. ३० गावांत, गावातल्याच प्रशिक्षित लोकांच्या मदतीने नैराश्यावर काम झालं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

नोकरीचं खरं सांगते. ‘सैनिक कुटुंब संशोधक’ अशी जाहिरात तुला पेपरात दिसणार नाही. एम.ए. करावं लागेल, अमरावती किंवा नागपूर विद्यापीठातून चालेल. एम.ए.ला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुढे पीएच.डी.ला बंगळूरुची निम्हान्स जमली तर उत्तमच. मग नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, ते काकांना नक्की सांग. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. शिष्यवृत्त्याही बघून ठेव. पुढे प्राध्यापकी आहे, संशोधन प्रकल्पांतली कामं आहेत, आणि दिल्लीला डीआरडीओची मानसशास्त्रीय संशोधनाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. रुग्ण तपासायचे असतील तर वाट वेगळी: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ती साध्या एम.ए.वर होत नाही. संख्याशास्त्राला घाबरत असशील तर आत्ताच सुरुवात कर; ‘आर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बी.एड. वाईट नाही, पण ते काकांचं उत्तर आहे, तुझ्या प्रश्नाचं नाही.

बाबांचं म्हणणं मला निम्मं पटतं. आईवर प्रबंध लिहू नकोस. आपल्याच आईची मुलाखत घेताना ती तुला सांभाळून बोलणार आणि तू तिला. स्वतःच्या गावावरही लिहू नकोस. पंधरा घरांत नाव बदललं तरी कोण कुणाची सून ते सगळ्यांना कळतं. दुसरा तालुका निवड. कुणाच्याही नवऱ्याची युनिट, ठिकाण, ये-जा वहीत उतरवायची नाही, बाईने आपणहून सांगितलं तरी नाही. नोकरीतल्या जवानाशी बोलायचं तर लष्कराची परवानगी लागेल, म्हणून सुरुवात बायका आणि माजी सैनिकांपासून कर. बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन काय करायचं आहे ते सांगून ये. जाताना कॉलेजचं पत्र घेऊन जा.

आणि हे उत्तर बाबांना वाचायला दे. आल्या आल्या नको, नवव्या दिवशीही नको. सोयाबीनचा हिशेब मिटला की दे.