लेनालिडोमाइडने शरीरातल्या रक्तवाहिन्या सुकतात का?

तुमचा प्रश्न असा: आईंना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर आहे, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू आहे, आणि ही गोळी नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाही असं वाचल्यापासून त्यांच्या हृदयाची, पायांची काळजी वाटतेय.

हृदयाच्या, पायांच्या वाहिन्या सुकत नाहीत. त्या कधीच्याच तयार झालेल्या आहेत. पण वाचलंत तेही खोटं नाही, फक्त अर्धं आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अस्थिमज्जेच्या स्लाइड बघणं रोजचंच.

निरोगी मज्जेच्या बायोप्सीला सीडी३४चा, म्हणजे वाहिन्यांचं अस्तर उठून दिसेल असा, रंग दिला की चरबीच्या मोकळ्या भोकांमधून तपकिरी केशवाहिन्या तुरळक दिसतात. मायलोमा बळावला असेल तर चरबी जवळजवळ गायब, प्लाझ्मा पेशी खचाखच, आणि त्यांच्यामधून बारीक, वेड्यावाकड्या वाहिन्या जागोजागी फुटलेल्या. ह्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून वाहिन्या वाढवून घेतात.

म्हणूनच थॅलिडोमाइड, म्हणजे लेनालिडोमाइडची थोरली बहीण, मायलोमाच्या उपचारात आली. १९६१ मध्ये ती बाजारातून उठली, कारण गर्भारपणात घेतलेल्या बायकांची हजारो मुलं अपुऱ्या हातापायांची जन्मली. १९९४ मध्ये बोस्टनला ज्युडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डी'अमाटो यांनी दाखवलं की सशाच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर नव्या वाहिन्या फुटायला ती अटकाव करते. मग १९९९ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सासहून निष्कर्ष आला: बहुतेक सगळे उपचार करून थकलेल्या ८४ रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना गुण आला. तेव्हा हे थक्क करणारंच होतं.

गंमत पुढे आहे. गुण आलेल्यांच्या मज्जेतल्या वाहिन्या मोजल्या, तर त्या फारशा कमी झालेल्याच नव्हत्या. व्हीईजीएफला थेट अडवणारं बेव्हासिझुमॅब मायलोमात वापरून पाहिलं, त्यानेही काही खास साधलं नाही. खरी मेख २०१० मध्ये जपानी संशोधकांना सापडली: थॅलिडोमाइड पेशीतल्या सेरेब्लॉन ह्या प्रथिनाला चिकटतं. २०१४ मध्ये कळलं की लेनालिडोमाइड चिकटलं की सेरेब्लॉन इकॅरॉस आणि आयोलॉस ह्या दोन प्रथिनांना मोडीत काढायला लावतं. मायलोमाच्या पेशी त्यांच्यावरच जगतात. उपचारानंतर वाहिन्या कमी दिसल्या, तर माझ्या मते त्याचं बरंचसं श्रेय पेशी मेल्याला आहे. गिऱ्हाईकच उठून गेलं की टपऱ्या ओस पडायच्याच.

तेव्हा काळजी करायचीच तर रक्ताच्या गुठळीची करा. मायलोमात तो धोका मुळातच असतो, आणि डेक्सामेथासोनच्या जोडीने ही गोळी तो आणखी वाढवते. म्हणून बहुतेकांना अ‍ॅस्पिरिन, आणि धोका जास्त असेल तर हेपॅरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. आईंना यातलं काय चालू आहे ते कागद काढून बघा; काहीच नसेल तर डॉक्टरांना विचारा. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखायला लागली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि धास्तीपोटी गोळी मनाने बंद करू नका.

घरात कोणी गरोदर असेल किंवा मूल होण्याचा विचार असेल, तर तिला ह्या कॅप्सूल हाताळायला देऊ नका. उघडून पाण्यात मिसळण्याचा प्रकार तर कोणीच करायचा नाही.