थायरॉइडच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून मानेत कुठला ब्लॉक घ्यावा?

तुम्ही विचारलंय की आईचं थायरॉइडचं ऑपरेशन मिरजेत ठरलंय, एक डॉक्टर म्हणतात मानेत ब्लॉक, म्हणजे नसा सुन्न करणारं इंजेक्शन, देऊ, दुसरे म्हणतात जखमेतच इंजेक्शन दिलं की भागतं, तर घ्यायचं काय. मी मिरजेतच भूलतज्ज्ञ आहे, जत-आटपाडीपासून पार अथणीपर्यंतचे गलगंडाचे पेशंट इकडे येतात, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंचा सुपरफिशियल सर्व्हायकल प्लेक्सस ब्लॉक, म्हणजे मानेतल्या नसांच्या जाळ्याचा वरवरचा ब्लॉक, घ्या.

मानेच्या पुढच्या कातडीला जाणाऱ्या नसा मणक्यातून सी 2 ते सी 4, म्हणजे मानेतल्या दुसऱ्या ते चौथ्या नसेच्या मुळांपासून, निघतात आणि कानामागून कॉलर बोनकडे उतरणारा जो जाड स्नायू आहे ना, त्याच्या मागच्या कडेला साधारण मध्यावर वर येतात. पेशंटला भूल दिल्यावर, चिरा घ्यायच्या आधी, तिथं कातडीखाली बारीक सुईनं औषध पसरवायचं, एका बाजूला अंदाजे 10 मिली 0.25 टक्के ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन (ही बधिर करायची औषधं), झालं काम. आईंना सुई कळणारसुद्धा नाही. पुढचे काही तास चिऱ्याचं दुखणं बरंच कमी राहतं आणि मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात, आणि मला खरी किंमत याचीच वाटते कारण या ऑपरेशननंतर उलट्या खूप होतात, ती औषधं त्यात भर घालतात, आणि ताज्या टाक्यांवर उलटीचा ताण पडलेला कुणालाच नको असतो.

डीप ब्लॉक म्हणजे मणक्याच्या हाडाच्या टोकापाशी औषध सोडायचं. तिथं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आहे, मज्जारज्जूचं आवरण जवळ आहे, आणि श्वासाचा पडदा हलवणारी नस सुन्न होऊ शकते, एका बाजूची झाली तर बहुतेक निभावतं पण थायरॉइडला दोन्ही बाजू लागतात, मग दम लागायची भीती. एवढं करून सुपरफिशियलपेक्षा आराम काही फार जास्त मिळत नाही. कुणी दोन्ही बाजूंना डीप देऊ म्हटलं तर का म्हणून नक्की विचारा. मधला एक प्रकार आहे, इंटरमिजिएट, सोनोग्राफीत बघत त्या स्नायूच्या खालच्या थरात देतात, हात बसलेला असेल तर चांगला, फक्त काही तास आवाज घोगरा होणं किंवा पापणी उतरणं असं कधी कधी होतं.

जखमेतलं इंजेक्शन वाईट नाही हो. सोपं आहे, सर्जनच देतात. ब्लॉकची सोय नसेल तर ते जरूर घ्यावं, पण त्याचा भरवसा मला कमी वाटतो. दोन्ही देणार असतील तर औषधाचा एकूण डोस वजनाप्रमाणे धरायला हवा, 50 किलोच्या बाईला वर सांगितलेल्या ब्लॉकमध्येच दोन्ही बाजू मिळून 50 मिलिग्रॅम ब्युपिव्हाकेन जातं, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ आपसात बोलून ठरवतात.

आता जे घरच्यांना कुणी सांगत नाही ते. रिकव्हरीत शुद्धीवर आलेली मावशी हात टाक्यांवर नेतच नाही, मानेमागं नेते आणि म्हणते, "डॉक्टर, मान आखडल्यागत झालीय." ऑपरेशनभर खांद्याखाली उशी देऊन मान मागं वाकवलेली असते, त्याचं ते दुखणं, शिवाय श्वासाच्या नळीमुळे घसा खवखवतो. या दोन्हीवर यातला कुठलाच ब्लॉक चालत नाही, तेव्हा ब्लॉक फेल गेला म्हणून घाबरू नका, पॅरासिटामॉल वेळच्या वेळी चालू ठेवायला सांगा, दुखायची वाट बघत बसू नका. कानाची पाळी, जबड्याखालची जागा बधिर लागेल, ती ब्लॉक उतरला की जाते.

पण मान फुगतेय, घट्ट वाटतंय, श्वास घ्यायला जड जातंय असं त्या म्हणाल्या तर ते ब्लॉकवर ढकलू नका, आत रक्त साठत असू शकतं, लगेच सिस्टरला उठवा. ओठाभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम तपासायला सांगा, हे बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतं. आणि आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर ते भूलतज्ज्ञांना आजच कळवा, ऑपरेशनच्या सकाळी नको.