वाचकांचे प्रश्न : हायड्रॉलिक तेलातील स्थिर वीज

प्रश्न : आमच्या प्लॅस्टिक मोल्डिंग मशिनमध्ये आम्ही यंदा झिंकविरहित, ४६ ग्रेडचे (हा आकडा तेलाच्या घट्टपणाचा) नवे हायड्रॉलिक ऑइल भरले आणि त्याच वेळी रिटर्न लाइनला (तेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीला) पूर्वीपेक्षा बारीक, ३ मायक्रॉनचे फिल्टर एलिमेंट (फिल्टरमधील गाळणी) बसवले. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत सकाळी मशिन सुरू केले की फिल्टरच्या भांड्यातून टिक-टिक असा आवाज येतो. टाकीचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतले, तरी आवाज थांबलेला नाही. यात धोका आहे का? (एक वाचक, भोसरी)

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा आवाज फिल्टरमध्ये पडणाऱ्या ठिणग्यांचा असावा. तेल एलिमेंटच्या काचतंतूंमधून वेगाने घुसते तेव्हा एका प्रकारचा विद्युतप्रभार तंतूंवर अडकतो आणि विरुद्ध प्रभार तेलाबरोबर पुढे वाहतो. छिद्रे जितकी बारीक आणि तेलाचा वेग जितका जास्त, तितका हा प्रभार वाढतो. पूर्वीच्या तेलांतील झिंकयुक्त रसायने आणि कमी शुद्धीकरणामुळे राहिलेले घटक हा प्रभार वाहून नेण्यास मदत करीत. नवी तेले अधिक शुद्ध असल्याने ती विजेला जवळजवळ वाटच देत नाहीत. थंड, घट्ट तेलात तर ही वाट आणखी अरुंद होते, म्हणून सकाळी आवाज अधिक येतो.

अर्थिंगचा उपयोग का झाला नाही, हे एका साध्या हिशेबाने कळते. तेलाची वाहकता, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, १० पिकोसीमेन्स प्रति मीटर असेल, तर त्यातील प्रभार एक-तृतीयांशाच्या आसपास उतरायला सुमारे २ सेकंद लागतात. वाहकता १ असेल तर सुमारे २०. फिल्टरपासून टाकीपर्यंतचे अंतर मात्र तेल बहुधा एका सेकंदाच्या आत कापते. अर्थिंगने टाकीच्या पत्र्यावरचा प्रभार जमिनीत जातो, तेलाच्या पोटातला नाही. अर्थिंग काढून टाकावे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. ते हवेच, पण एवढ्यावर भागत नाही.

आगीची भीती तुलनेने कमी आहे, कारण अशा तेलाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते) साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो आणि तेलाने भरलेल्या भांड्यात हवाही नसते. टाकी धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल फिरवण्याची पद्धत मात्र काही कारखान्यांत आहे आणि ठिणग्या पडणाऱ्या सर्किटमध्ये ती पूर्णपणे बंद केली पाहिजे.

खरे नुकसान सावकाश होते. ठिणगीच्या जागी तेल करपते, त्यातून वार्निश (चिकट थर) तयार होऊन सर्व्हो व्हॉल्व्ह (तेलाचा प्रवाह अचूक नियंत्रित करणारे व्हॉल्व्ह) अडकू लागतात आणि एलिमेंटला भोके पडतात. मशिन बंद करून, प्रेशर उतरवून, काही मिनिटे थांबून एलिमेंट काढावे, त्याच्या घड्या उलगडून मागे टॉर्च धरावा. सुईने टोचल्यासारखी, काळ्या कडांची भोके दिसली, तर निदान पक्के झाले. असे एलिमेंट गाळण्याचे काम करत नाही, आणि प्रेशर गेज मात्र सर्व ठीक असल्याचे दाखवत राहतो.

आमच्या मते तेल बदलण्यापूर्वी फिल्टरकडे पाहावे. त्याच प्रवाहाला मोठ्या आकाराचे एलिमेंट बसवले की तेलाचा वेग घटतो; प्रभार कमी निर्माण करणारी खास एलिमेंटेही मिळतात. शिवाय तेल पुरवठादाराकडून वाहकता मोजून घ्यावी आणि ती कोणत्या तापमानाला मोजली हेही विचारावे. आकडा ५० पिकोसीमेन्स प्रति मीटरच्या खाली असल्यास सावध राहावे. जेट इंधनासाठीही, अँटिस्टॅटिक रसायन मिसळून, ५० ते ६०० हीच मर्यादा पाळली जाते. ते रसायन आपल्या टाकीत परस्पर ओतू नये, तेलातून पाणी वेगळे होण्याचा गुण त्याने बिघडू शकतो. वाहकता वाढवायची म्हणून जुने झिंकयुक्त तेल मिसळणेही टाळावे, कारण दोन्हींची रसायने जुळली नाहीत तर गाळ तयार होतो.

प्रश्न : टेफ्लॉनच्या अस्तराचा होज वरून धडधाकट दिसतो, तरी जाळीतून तेल पाझरते. हेही स्थिर विजेमुळे होते का?

उत्तर : होऊ शकते. अस्तरावर साचलेला प्रभार बाहेरच्या स्टीलच्या जाळीकडे झेप घेतो आणि अस्तराला सूक्ष्म छिद्र पाडतो. एसएई १००आर१४ या मानकाच्या (टेफ्लॉन अस्तर आणि स्टीलची जाळी असलेल्या) होजमध्ये यासाठी बी प्रकार असतो. त्याचे आतले अस्तर वीजवाहक असते आणि दोन्ही टोकांच्या फिटिंगमधून प्रभार निघून जातो. नवा होज मागवताना हा प्रकार लिहूनच मागवावा. गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडी भेदून आत जाते, आणि तसे झाल्यास जखम किरकोळ दिसली तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे.