‘सेट’ला बसवायचं कुठं?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मीशिम्मी एकाच इंग्रजी शब्दाभोवती फिरतायत, म्हणून ती एकत्र घेतली आणि बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली. (‘भाकरी थापायची की बडवायची’ या वादात मला पंच नेमणाऱ्या सासू-सुनांनी तोवर दम धरावा.) नव्या वाचकांसाठी सांगते, माझी नोकरी न्यायालयात भाषांतरकार म्हणून झाली. त्यामुळे उत्तरांना थोडा दप्तराचा वास येतो, तो चालवून घ्या.

प्रश्न : गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. क्लासमध्ये ‘सेट’ या शब्दाचे साठ अर्थ छापलेला कागद मिळालाय. रात्री पाठ होतो, सकाळी पुसला जातो. काही युक्ती आहे का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आहे. तो कागद रद्दीत घाल. साठ म्हणजे तसेही काहीच नाहीत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची २० खंडांची आवृत्ती १९८९ साली आली, तिच्यातली सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. अर्थ ४३० आणि मजकूर सुमारे ६० हजार शब्दांचा. नव्या संपादनात ‘रन’नं त्याला मागं टाकलं, एकट्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. असल्या शब्दाला पाठांतरानं कोण पुरं पडणार?

आता मला सांग, ‘लावणे’चे अर्थ तू कधी पाठ केलेस? आपण दिवा लावतो, दार लावतो, गजर लावतो, रोप लावतो, विरजण लावतो, तंबोरा लावतो, लग्न लावतो, लळाही लावतो. दिवा लावला की उजेड होतो आणि दार लावलं की अंधार, क्रियापद मात्र एकच. तरी पंचवटीतलं चार वर्षांचं पोरही गोंधळत नाही, कारण ते ‘लावणे’ ऐकतच नाही, ते ‘दार लाव’ ऐकतं. ‘सेट’चंही तसंच आहे. नुसत्या शब्दाचा अर्थ विचारू नकोस, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघ. अलार्म असेल तर लावणे, टेबल असेल तर पानं घेणे, पेपर असेल तर प्रश्नपत्रिका काढणे, तारीख असेल तर ठरवणे, फायर असेल तर आग लावणे. वहीत अर्थांची यादी करण्यापेक्षा अशा जोड्या लिही.

तरी एक मुळाची गोष्ट सांगते, कारण ती कळली की निम्मे अर्थ आपोआप सुटतात. मराठीत पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चरणे-चारणे, गळणे-गाळणे अशा जोड्या आहेत. आधी आपण होऊन घडतं, मग कुणीतरी घडवतं, आणि शब्दात फरक फक्त स्वराचा. जुन्या इंग्रजीतही ही सोय होती. ‘फॉल’ म्हणजे पडणे, तर ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. ‘राइज’वरून ‘रेझ’, ‘लाय’वरून ‘ले’. त्याच रांगेत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. आता सराफ बाजारात जा. अंगठीत खडा बसवतात, तिथं इंग्रज ‘सेट’ म्हणतो. हाडवैद्य निखळलेलं हाड बसवतो, त्याचं इंग्रजी नावच ‘बोनसेटर’. आपण चाल बसवतो. कविता ‘सेट टु म्युझिक’ होते. आणि बसणे म्हणजे खाली जाणेही आहेच. आपल्याकडे आवाज बसतो, धंदा बसतो, जुनी भिंत बसते. त्यांच्याकडे सूर्य बसतो, तो ‘सनसेट’. संस्कृतातला ‘सद्’ हा धातू ‘सिट’चा दूरचा भाऊच आहे. सदन, परिषद, संसद हे सगळं बसण्याचंच खातं. (संसदेत बसण्यापलीकडे काय चालतं, हा या सदराचा विषय नाही.)

पण दागिन्यांचा सेट, भांड्यांचा सेट, गणितातला संच यांना ‘बसवणे’ लावायला जाशील तर डोकं फिरेल. तो नामाचा ‘सेट’ बराचसा दुसऱ्या घरातून आलाय. लॅटिनमध्ये ‘मागोमाग जाणे’ अशा अर्थाचा धातू आहे, त्यातून फ्रेंचमार्गे ‘एकामागून एक येणाऱ्यांचा घोळका’ असा शब्द इंग्रजीत शिरला आणि आधीच्या ‘सेट’शी दिसण्यात इतका मिसळला की आता वेगळा काढता येत नाही. आपण मराठीत उसना घेतलाय तो मुख्यतः हा दुसरा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन ‘संच’ आहेत असं वर्तमानपत्रं लिहितात. तिथं मात्र इंग्रजीत ‘सेट’ नसतं, ‘युनिट’ असतं. उलटं भाषांतर करताना जपून.

परीक्षेपुरतं आणखी एक. ‘सेटेड’ असं रूप नाही. आज सेट, काल सेट, केव्हाही सेट. कट, पुट, हिट यांच्यासारखंच. काळ ओळखायचा तो वाक्यातल्या इतर शब्दांवरून.

प्रश्न : माझी चार एकर द्राक्षबाग आहे. आम्ही सगळेच ‘मणी सेटिंग’ म्हणतो. मुलगा पुण्यात शिकतो, तो म्हणतो सेटिंग म्हणजे मोबाइलमधलं, बागेत कसलं? औषधाच्या बाटलीवरही ‘सेट’च्या आधी आणि नंतर असं लिहिलेलं असतं. नेमकं काय समजायचं?
— एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : मुलाला सांगा, मोबाइल काल आला. बागेतला ‘सेट’ त्याच्या कितीतरी आधीचा.

द्राक्षाच्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि टोपीसारख्या एकदम गळतात. टोपी गळाली, परागीभवन झालं, आणि त्या बारीकशा हिरव्या बोंडानं वाढ धरली की ते फूल ‘सेट’ झालं. ज्यांचं जमत नाही ती फुलं गळून जातात. घडातली सगळी फुलं सेट होत नाहीत आणि व्हायलाही नकोत, नाहीतर विरळणी करून करून बायकांचे हात दुखतील. नेमका फुलोऱ्यात पाऊस आला की तुमची झोप का उडते, ते मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा होईल.

पुस्तकात याला ‘फळधारणा’ म्हणतात. मला तुमच्या भागातल्या म्हाताऱ्यांचा शब्द जास्त आवडतो : आंब्याला मोहोर भरपूर आला पण ‘फळ धरलं नाही’. हे ‘धरणे’ म्हणजेच तो ‘सेट’. तेव्हा बाटलीवर ‘सेटच्या आधी’ असेल तर मणी धरण्यापूर्वी, आणि ‘नंतर’ असेल तर मणी दिसू लागल्यावर. किती मिलिमीटरच्या मण्याला किती मात्रा, हे मात्र सल्लागाराला विचारा, भाषांतरकाराला नाही.

तुमच्याच तालुक्यातून आलेल्या एका पत्रात विचारलंय, की मोबाइलवरच्या माहितीत ‘ओनियन सेट’ येतं, ती कांद्याची जोडी की काय? जोडी नव्हे. बी दाट पेरून मुद्दाम लहान राहू दिलेल्या गाठी काढून, वाळवून ठेवतात आणि पुढं रोपांऐवजी त्याच लावतात, त्या गाठींना ‘सेट’ म्हणतात. जे लावायचं ते ‘सेट’. उसाच्या टिपरीलाही तेच नाव, फक्त इंग्रजीत लिहिताना शेवटी एक जादा ‘टी’ येतो. बेणं म्हणा, टिपरी म्हणा, आपल्याकडे दोन्ही शब्द शाबूत आहेत. असं असताना परवा एका कृषी पत्रकात ‘उसाचे संच लावावेत’ असं छापलेलं वाचलं. कुणीतरी कोश उघडून पहिला अर्थ उचलला असणार. ऊस कसा लावतात हे एकदा बांधावर जाऊन बघितलं असतं तर लेखणी अडखळली असती.

प्रश्न : सिडकोत वरच्या मजल्याचं काम चालू आहे. मिस्त्री म्हणतो, सिमेंट अर्ध्या तासात सेट होतं. इंजिनिअर म्हणतो, दहा तास. खरं कोण?
— एक घरमालक, सिडको

उत्तर : दोघंही अर्धं खरं बोलतायत. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी भारतीय मानकात दोन वेळा दिल्या आहेत. सुरुवातीचं सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि अखेरचं ६०० मिनिटांच्या आत व्हायला हवं. ‘सेट’ म्हणजे इथं फक्त थिजणे, ओलेपणाची लवचीक अवस्था जाणे. कठीण होणे ही पुढची गोष्ट. गोणीवर ५३ ग्रेड लिहिलेलं असतं ती ताकद २८ दिवसांनंतर मोजतात. म्हणून सेट झालं तरी पाणी मारणं थांबवू नका, आणि घमेल्यात आवळून आलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू देऊ नका. दह्याला आपण ‘लागलं’ म्हणतो, तुपाला ‘थिजलं’, पाकाला ‘आळला’. इंग्रजाला या बहुतेक ठिकाणी ‘सेट’ चालतो. इथं आपली भाषा श्रीमंत आहे असं माझं मत.

आणि मिस्त्री ‘सेंट्रिंग’ म्हणत असेल तर तो निराळा शब्द. ते स्लॅबखालचं फळ्या-टेकूंचं काम.

प्रश्न : भावकीतल्या जमिनीच्या दाव्यात आमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला होता. आता वकील म्हणाले, तो ‘सेट असाइड’ झाला. घरी चुलते म्हणतात, म्हणजे नुसता बाजूला ठेवलाय, उद्या परत काढतील. पेढे वाटावेत की नाही?
— एक पक्षकार, सिन्नर

उत्तर : काकांचं इंग्रजी चुकलेलं नाही, फक्त जागा चुकली. घरात ‘सेट असाइड’ म्हणजे बाजूला ठेवणं, जसं दिवाळीसाठी चार पैसे बाजूला ठेवतो. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या आवारात पाऊल टाकलं की त्याचाच अर्थ होतो रद्दबातल. नुसतं थांबवून ठेवणं वेगळं, त्याला ‘स्टे’ म्हणजे स्थगिती म्हणतात. तुमचा हुकूमनामा थांबलेला नाही, तो उरलेलाच नाही.

पण पेढे थांबवा. एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली. समन्स नीट बजावलं गेलं नव्हतं, किंवा हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं, एवढंच न्यायालयानं मान्य केलं. जमीन तुमची, असं कुणी म्हटलेलं नाही. दावा पुन्हा चालणार आणि या वेळी तुम्हाला बोलायला मिळणार. आदेशाची नक्कल घेऊन वाचा. ‘कॉस्ट’ भरण्याची अट घातली असेल तर मुदतीत भरा. असल्या अर्जाला मुदत ३० दिवसांचीच असते, हुकूमनाम्याच्या तारखेपासून, किंवा समन्सच बजावलं नसेल तर माहिती झाल्यापासून. तुमच्या वकिलांनी ते वेळेत साधलं, त्यांना हवं तर चहा पाजा.

त्याच कागदांत आणखी दोन ‘सेट’ भेटतील. ‘सेट डाउन फॉर हिअरिंग’ म्हणजे सुनावणीला लावलं, बोर्डावर आलं. आणि ‘सेट-ऑफ’ म्हणजे वजावट. तुम्ही माझं देणं लागता, मी तुमचं, तर एकात एक वळतं करा. फौजदारीत कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, तोही ‘सेट-ऑफ’च. जुन्या फौजदारी संहितेचं कलम ४२८, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४६८. एरवी मात्र हाच शब्द प्रवासाला निघणे, फटाका उडवणे, भांडण पेटवून देणे असा कुठंही भटकतो. एका आरोपीच्या भावानं मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं होतं, ‘मॅडम, सेट-ऑफ दिला म्हणजे आता निघायचं ना?’ दिवस मोजून पाहिले तर खरंच निघायचंच होतं.

प्रश्न : ‘त्याची आतून सेटिंग आहे’ हे इंग्रजीत कसं म्हणावं? ‘ही हॅज सेटिंग’ म्हटलं तर साहेब हसले.
— एक लिपिक, मालेगाव

उत्तर : हसणारच. ही सेटिंग आपल्या मातीतली आहे, इंग्रजांना तिचा पत्ता नाही. त्यांच्याकडे ‘सेटिंग’ म्हणजे कथेतला परिसर किंवा अंगठीचं कोंदण. तुम्हाला म्हणायचंय ते संधान किंवा वशिला, तर सरळ ‘ही नोज समवन इनसाइड’ म्हणा. सामना आधीच ठरलेला असेल तर ‘फिक्स’. आणि कुणाला अडकवायला रचलेला डाव असेल तर ‘सेट-अप’. ‘सेट-नेट झालंय का?’ मधलं सेट यांपैकी कुठलंच नाही. ती सहायक प्राध्यापकांसाठीच्या राज्य पात्रता परीक्षेची आद्याक्षरं.

प्रश्न : नातू तिकिटं जमवतो. जोडून छापलेल्या वेगवेगळ्या चित्रांच्या तिकिटांना तो ‘सेट टेनंट’ म्हणतो. टेनंट म्हणजे भाडेकरू ना?
— एक आजोबा, नाशिकरोड

उत्तर : नातवाला म्हणावं, ‘ट’ काढून टाक. शब्द ‘से-टेनंट’ आहे, फ्रेंच आहे, अर्थ ‘एकमेकांना धरून असलेली’. सेटशीही संबंध नाही आणि भाडेकरूशीही. तिकिटं फाडून सुटी करू नका, जोडलेली असण्यातच त्यांची किंमत आहे. आणि तुम्ही नाशिकरोडलाच राहता, तर पोराला एकदा सिक्युरिटी प्रेसच्या भिंतीपर्यंत फिरवून आणा. देशाची टपाल तिकिटं १९२६ पासून तिथं छापली जातायत. आत सोडणार नाहीत.