निळूभाऊ खरंच तसे होते का?

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमची आजी नव्वदीला टेकली आहे, पण टीव्हीवर निळू फुलेंचा पिक्चर लागला का अजून बोटं मोडते. म्हणते, "आला पाय मेला, आता कोनाच्या घराची राख करते कोनजाने." मी तिले सांगतो का आजी, हा मानूस लय चांगला होता, तर ती मानतच नाही. खरंच कसे होते ते?
- एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : आजीला माझा नमस्कार सांगा आणि तिची समजूत काढायची घाई करू नका, कारण तिच्या शिव्या म्हणजे निळूभाऊंनी रंगवलेल्या खलनायकांना मिळालेली पावतीच आहे. मी लहान असताना आमच्या गावात कापूस वेचून झाला की टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. आम्ही पोतं अंथरून पुढे बसायचो. पडद्यावर निळूभाऊ आले की बायांच्या बाजूनं आधी एकदम शांत व्हायचं आणि मग कुजबुज सुरू व्हायची, माझी माय तर पदराचं टोक दातात धरून बसायची. ते अजून बोललेसुद्धा नसायचे हो. धोतराचा सोगा दोन बोटांत धरलेला, मान जराशी कलती, आणि समोरच्या बाईकडे पायापासून वर नेलेली ती नजर, बस एवढंच.

तर माणूस कसा होता. नाव नीळकंठ कृष्णाजी फुले, पुण्याचे. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम केलं. सोबत राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, म्हणजे गावोगाव जाऊन लोकांना शहाणं करणारी गाणी, वगनाट्यं. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्यानं त्यांचं नाव झालं आणि 1968 साली अनंत मानेंच्या 'एक गाव बारा भानगडी'त झेलेअण्णा म्हणून ते पडद्यावर आले, तेव्हा ते चाळिशीला आले होते. नंतर मात्र थांबलेच नाहीत, मराठी-हिंदी धरून दीडशेच्या वर सिनेमे केले. महेश भट्टच्या 'सारांश'मधला तो गजानन चित्रे पण तेच.

मला विचाराल तर सगळ्यात वर 'सामना', 1975 चा. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यात ते साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटील आहेत आणि समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर, जो एकच प्रश्न धरून बसलाय की मारुती कांबळेचं काय झालं. आता हिंदुरावाकडे सत्ता आहे, पैसा आहे, पण निळूभाऊ आवाज चढवत नाहीत. मास्तराला घरी ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात, आणि तो प्रश्न काही केल्या जात नाही म्हटल्यावर त्या चेहऱ्यावर जी अस्वस्थता हळूहळू चढत जाते ना, ती पाहताना मला आमच्या भागातले दोन-तीन पुढारी डोळ्यासमोर येतात. सेवा दलाच्या माणसानं असे पाटील जवळून पाहिले होते, त्यांचा राग त्याच्या पोटात होता, म्हणून ते इतके खरे उतरले असं माझं ठाम मत आहे.

आणि हाच माणूस डॉ. लागू, डॉ. दाभोलकर यांच्यासोबत अंधश्रद्धा निर्मूलनासाठी फिरला. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी या मंडळींनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून पैसा उभा केला, कशासाठी, तर पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला थोडंफार मानधन मिळावं म्हणून. 13 जुलै 2009 ला ते गेले, कॅन्सरनं.

आजीला एक दिवस 'सिंहासन' लावून द्या, 1979 चा. त्यात ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत, मंत्र्यांची खुर्चीसाठीची सगळी ओढाताण डोळ्यांनी पाहणारे, आणि शेवटी ते सहन न होऊन वेड्यासारखे हसत सुटणारे. तिला त्यांची कीव येते का, ते मला नक्की कळवा.

प्रश्न : मी झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, नाटकात काम करतो. मला खलनायकच मिळतो आणि मी लय ओरडतो असं सगळे म्हणतात. काय करू?
- एक कलाकार, गडचिरोली जिल्हा

उत्तर : भाऊ, तुम्ही का ओरडता ते मला समजतं. पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत मंडपात हजारो माणूस, नाटक रात्रभर चालणार, मागच्याला ऐकू गेलं पाहिजे. पण माईक आहे ना आता. एखाद्या प्रवेशात ओरडणं पूर्ण सोडून पाहा, वाक्याच्या आधी दोन क्षण थांबा, आणि समोरच्या नटाकडे खरोखर पाहा. निळूभाऊसुद्धा शाळेत जाऊन नटाचं काम शिकले नव्हते, वगाच्या उघड्या मंचावरच तयार झाले, म्हणजे तुमच्याच वाटेवरचे. आणि तुमच्या जिल्ह्याचे परशुराम खुणे आहेत, ज्यांना 2023 ला पद्मश्री मिळाली, आयुष्य झाडीपट्टीच्या मंचावर गेलं त्यांचं, त्यांचं काम पाहायला मिळालं तर समोरच्या रांगेत बसा आणि फक्त त्यांच्या थांबण्याकडे लक्ष ठेवा, प्रेक्षक हसायला लागला की ते पुढचं वाक्य कधी घेतात ते.

वडशाच्या बाजूला तुमचा प्रयोग असेल तर तारीख कळवा, मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत मी तिकडेच असतो.