जोड कुणाशी लावायची?

साठी ओलांडलेली, एकट्यानं फिरणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा तक्रारी वेगवेगळ्या सांगतात. कुणाला झोप लागत नाही, कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणाची छाती विनाकारण धडधडते. थोडं बोलणं झालं की खाली दडलेलं वाक्य वर येतं, आणि ते बहुतेकांचं एकच असतं: "फिरतोय खरा, पण उद्या कुणी अंगावर आलं तर आपल्याच्यानं काय होणार?" मागोमाग मुलं येतात. "आता घरी बसा म्हणून तुम्हीच सांगा." मी तसं सांगत नाही. घरी बसल्यानं माणूस सुरक्षित होतो असं मला आजवर तरी दिसलेलं नाही.

आबांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आबा ६८ वर्षांचे. तरुणपणी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका तालमीत राहून कुस्ती केलेली, खासबाग मैदानात शड्डू ठोकलेला. पुढे कारखान्यात नोकरी. पत्नी गेल्यावर घर मुलाच्या हवाली केलं आणि एक पिशवी घेऊन निघाले. वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. गाणगापूर, पंढरपूर, नर्मदेचा काठ, काशी. कुठे भक्तनिवास, कुठे मठ, कुठे धर्मशाळा. महाराष्ट्रात एसटीला अर्धं तिकीट. पंच्याहत्तरी झाली की फुकट, त्याची ते वाट बघत होते.

उत्तरेतल्या एका स्टेशनबाहेर पहाटे दोन पोरांनी त्यांची पिशवी ओढली. आबांनी ती सोडली तर नाहीच, उलट एकाचा पट काढायला, म्हणजे पाय धरून त्याला पाडायला गेले. पडले, मनगट मोडलं, पिशवीही गेली. मुलगा जाऊन घेऊन आला. हाड जुळलं, पण आबा उंबरा ओलांडेनात.

"मनगटाचं काय नाही ओ मॅडम," ते म्हणाले. "पण किडमिडी पोरं होती. एका हातानं उचलली असती."

"कोणत्या साली?"

आबा गप्प झाले. मग मुलानं मध्येच सांगितलं की बाबा पहाटे गच्चीवर चोरून बैठका मारतात आणि गुडघा सुजवून घेतात.

"किती मारता?"

"दोनशे. पूर्वी हजार मारत होतो."

माझी वैचारिक बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर पक्की झालेली आहे, त्यामुळे घडलेल्या प्रसंगापेक्षा त्यावरून माणूस स्वतःशी काय बोलतो तिकडे माझा कान आधी जातो. आबा स्वतःशी बोलत होते ते असं: "पैलवान गड्यानं पडता कामा नये. पडला म्हंजे संपला." हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ते खोडून काढायची घाई केली नाही. अशी वाक्यं बाहेरून कुणी खोडून जात नाहीत, ज्याची आहेत त्यालाच ती पोकळ वाटावी लागतात.

पुढच्या एका भेटीत मी गच्चीचा विषय सोडला आणि तालमीचा काढला.

"नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याची जोड कुणाशी लावायचे?"

आबा खुलले. "वय बघायचे, वजन बघायचे, मेहनत किती झालीय ते बघायचे. उगंच मोठ्याच्या अंगावर घातलं तर पोरगं मोडतंय. परत हौद्यात उतरत नाही."

"आणि पहाटे गच्चीवर तुम्ही तुमची जोड कुणाशी लावताय?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुजलेल्या गुडघ्याकडे. चेहऱ्यावर चीड आली, ती उतरली, मग हसू फुटलं.

"पंचवीस वर्षांच्या माझ्याशीच की," ते म्हणाले. "वस्तादांनी बघितलं असतं तर कान पिळला असता."

या कामात असे क्षण रोज येत नाहीत, आणि आले की मी मध्ये बोलत नाही. आबांना चोरांची भीती नव्हतीच. स्टेशनवर ते एकदा हरले होते, गच्चीवर मात्र स्वतःच्याच जुन्या देहाकडून रोज हरत होते. हे एकदा दिसल्यावर मला ते इतरांतही दिसू लागलं. दोन घागरी घेऊन जिना चढणारी पूर्वीची मी, रात्रभर उभ्यानं प्रवास करणारा पूर्वीचा मी. चुकीची जोड लावायला तालमीत गेलेलं असावं लागत नाही.

मग बरोबरीची जोड कोणती? माझ्या मते पहिली जमीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पडल्यामुळे सर्वाधिक मृत्यू साठीपुढच्या माणसांचेच होतात. पडायची भीती बसली की माणूस कमी हालतो, कमी हालला की पाय कमजोर होतात, आणि मग तो खरोखर पडतो. एकट्या प्रवाशाची सुरक्षितता सगळ्यात आधी त्याच्या मांड्यांत आणि घोट्यांत असते.

आबांना आधी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मीही तुम्हाला तेच सांगेन: गुडघे, रक्तदाब आणि हाडं तपासल्याशिवाय काही सुरू करू नका. त्यांना मिळालेली मेहनत अशी होती. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. भिंतीला हात लावून टाचा उचलणं. दात घासताना ओट्याजवळ एका पायावर उभं राहणं. आणि जमिनीवर बसून, आधी आधारानं आणि मग आधाराशिवाय, पुन्हा उभं राहणं. हे शेवटचं कुणी करत नाही, आणि एकट्या माणसाला नेमकं तेच लागतं. धर्मशाळेच्या खोलीत यातलं सगळं करता येतं. चालणं रंकाळ्यावर. पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं बऱ्यापैकी वेगानं चालावं आणि तीन दिवस तोल-ताकदीचे व्यायाम करावेत, असं हीच संघटना सांगते.

"ह्यो काय व्यायाम झाला?" आबा म्हणालेच. मग त्यांना १९९० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीपेक्षाही वाढली. आबांनी विचारलं, "खुराक काय होता?" पैलवानच ते. पण प्रश्न योग्य होता. आमटी-भातावर महिने काढणाऱ्यांचे स्नायू झडतात. दूध, अंडी, फुटाणे, शेंगदाणे पिशवीत किंवा पोटात हवेतच. आबा गंगावेशीत दूध प्यायला पुन्हा जाऊ लागले.

आता कुणी अंगावर आलंच तर. इथे मी स्पष्ट बोलते. या वयात स्वसंरक्षण म्हणजे सुटून निघणं. पिशवी ओढली तर सोडून द्यायची. पट्टा गळ्यातून आडवा घातला असेल तर पिशवीबरोबर माणूसही फरफटतो, म्हणून तो तसा घालायचा नाही. पैसे आणि कागद दोन ठिकाणी, थोडे अंगावर. नव्या गावात उजेडी पोचायचं. पाठ भिंतीकडे, हात छातीपुढे उघडे, एक पाय मागे, आणि मोठ्यानं ओरडायचं. हा पवित्रा आबांनीच मला नीट उभं राहून दाखवला, आणि ओरडले तेव्हा शेजारच्या खोलीतून माणूस बघायला आला. काठी ते मर्दानी खेळातल्या एका जुन्या जाणत्याकडून शिकताहेत. माझी अट एवढीच की ती आधी तिसरा पाय, मग हत्यार. कायद्यानं स्वतःला वाचवायचा हक्क दिलेला आहे, भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ पासून आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. पळत्या चोराच्या पाठीत काठी घालू नका. आणीबाणीला ११२, रेल्वेत १३९, ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण फोनच गेला तर फोनमधले क्रमांक कुठले?

आणि मुलांना एक सांगायचं आहे. "जाऊ नका" म्हणण्याऐवजी "जमिनीवरून उठून दाखवा" म्हणा. त्यातून त्यांची तयारी तुम्हालाही कळते, त्यांनाही.

आबा आधी फक्त नृसिंहवाडीला जाऊन राहून आले. मग गाणगापूर केलं. दिवाळीनंतर नर्मदेला जायचं म्हणताहेत. मुलाची अट आहे की रोज संध्याकाळी फोन करायचा. आबांचं म्हणणं, एक दिवसाआड. गेल्या भेटीत दोघं याच्यावरच भांडत होते, आणि तो वाद मी त्यांच्यावरच सोडून दिला आहे.