भोवरा की आवर्त? आणि ऊर्जेचं नेमकं काय होतं?

विज्ञानलेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘सुपरकंडक्टरमधले चुंबकीय व्हॉर्टेक्स हलले की ऊर्जा डिसिपेट होते, असं मूळ वाक्य आहे. मी “चुंबकीय आवर्तांच्या गतीमुळे ऊर्जेचा ऱ्हास होतो” असं केलं. चालेल का?’

व्याकरणाला चालेल. पण ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आधी बंगालच्या उपसागरातलं वादळ आलं आणि पाठोपाठ ओझोनचा थर. दोघांचाही इथे काही संबंध नाही. (सुपरकंडक्टर म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ.)

आधी आवर्त. नात्याने पाहिलं तर तोच जवळचा, हे मान्य करायला हवं. लॅटिन ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणं, त्यातून व्हॉर्टेक्स आला. संस्कृत ‘वृत्’ धातूतून आवर्त. दोन्ही धातूंचं मूळ एकच, त्यामुळे ही चुलत भावंडं. पण मराठीत या भावंडाच्या गळ्यात भलतीच कामं पडली आहेत. रसायनशास्त्रात आवर्तसारणी, भूगोलात आवर्त-प्रत्यावर्त वारे, विजेत प्रत्यावर्ती प्रवाह, तबल्यावर तालाचं आवर्तन, आणि धरणातून कालव्याला पाणी सुटलं की शेतकऱ्याच्या तोंडी उन्हाळी आवर्तन. वारे सोडले तर बाकी सगळीकडे ‘फिरून फिरून येणारं’ हाच अर्थ पुढे येतो. सुपरकंडक्टरमधला व्हॉर्टेक्स फिरून येत नाही. तो असतो, आणि ढकलला तर सरकतो.

भोवरा ‘भ्रम्’च्या घरातला. भोवणे, भोवळ, भोवती ही सगळी त्याच घरची माणसं. एकच शब्द आपण तीन ठिकाणी वापरतो: आरेवर फिरणारं लाकडी खेळणं, बाळाच्या टाळूवरचं केसांचं वळण आणि नदीच्या डोहातला गरगरणारा खड्डा. आपल्याला हवा तो तिसरा, आणि तो किती चपखल बसतो ते पाहण्यासाठी थोडं पदार्थविज्ञान सांगावंच लागेल.

सुपरकंडक्टर, म्हणजे अतिसंवाहक (विश्वकोशातला हाच शब्द मी वापरतो; ‘अतिवाहक’ म्हटलं की एसटीचा फार उत्साही कंडक्टर डोळ्यांपुढे येतो) चुंबकीय क्षेत्राला आत येऊ देत नाही, हे 1933 मध्ये माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवलं. पण काही अतिसंवाहक, ज्यांना टाइप-टू म्हणतात, एका मर्यादेपुढे तडजोड करतात: क्षेत्राला आत घेतात, पण बारीक धाग्यांच्या रूपात. 1957 मध्ये अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी हे गणिताने मांडलं आणि त्यासाठी 2003 च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. प्रत्येक धाग्याचा गाभा साधा धातू असतो, तिथे अतिसंवाहकता संपलेली असते. गाभ्याभोवती इलेक्ट्रॉनच्या जोड्या गरगरत राहतात. डोहातही तसंच ना: मधे पोकळी, भोवती फिरणारं पाणी. इथे पाण्याच्या जागी वीज.

नदी एका बाबतीत मात्र मागे पडते. तिथे भोवरे लहानमोठे असतात. इथे प्रत्येक भोवऱ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह तंतोतंत सारखा, 2.07 × 10⁻¹⁵ वेबर, ना कमी ना जास्त. एमआरआयच्या मशीनमध्ये अतिसंवाहक तारेच्या चुंबकाचं साधारण दीड टेस्लाचं क्षेत्र असतं. एक टेस्ला धरला तरी एका चौरस मिलिमीटरमधून सुमारे 48 कोटी भोवरे जातात. एवढी गर्दी असूनही ते शिस्तीत, त्रिकोणी जाळीत उभे राहतात. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने या जाळीची चित्रं घेतली गेली आहेत. एकेक भोवरा वेगळा मोजता येतो.

‘वावटळ’ सुचवावी असं मध्येच वाटून गेलं. उभा खांब आणि चालण्याची सवय, दोन्ही जुळतात. पण वावटळीतून धूळ काढता येत नाही. भोवराच राहू दे. फक्त ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांत गोलगोल फिरणाऱ्या विजेलाही, म्हणजे एडी करंटलाही, भोवऱ्याचंच नाव द्यावंसं वाटतं, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘चुंबकीय भोवरा’ लिहा. पुढे नुसता भोवरा पुरे.

आता ऱ्हास. ऱ्हास म्हटलं की हळूहळू खंगणं, नाहीसं होणं. ‘क्षय’ची तीच गत, वर दवाखान्याचा वास. ‘अपव्यय’ म्हटलं की कुणीतरी उधळपट्टी केल्याचा ठपका येतो. इथे ऊर्जा नाहीशीही होत नाही आणि कुणी उधळतही नाही. अतिसंवाहकातून वीज सोडली की ती भोवऱ्यांना आडवं रेटते, प्रवाहाच्या काटकोनात. भोवरे सरकू लागले की त्यांच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र सरकतं, त्यातून विद्युत दाब तयार होतो आणि शून्य म्हणवणारा रोध शून्य राहत नाही. भोवरा ज्या बाजूला सरकतो तिथल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या फुटतात, मागे पुन्हा जुळतात. गाभ्यातले सुटे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंवर धडका देतात. 1965 मध्ये बार्डीन आणि स्टीफन यांनी याचा साधा हिशेब मांडला: भोवऱ्यांचे गाभे जितकी जागा व्यापतात, साधारण त्या प्रमाणात साध्या धातूचा रोध परत येतो. बॅटरीतून आलेली ऊर्जा अशा रीतीने पदार्थात उष्णता होऊन बसते.

याला आपल्याकडे शब्द आहे: जिरणे. पाणी जमिनीत जिरतं तेव्हा ते दिसेनासं होतं, संपत नाही. तूप भातात जिरतं. एखाद्याची जिरते तेव्हाही माणूस तिथेच असतो, फक्त जोर गेलेला असतो. डिसिपेशनमध्ये हेच होतं. व्यवस्थित, एका दिशेने कामाला लावता येणारी ऊर्जा अणूंच्या थरथरीत पसरते आणि परत गोळा करता येत नाही.

‘जिरणे’ घेतलं की पुढचा शब्दही आयता मिळतो. भोवरे हलू नयेत म्हणून धातूत मुद्दाम दोष ठेवतात. एमआरआयच्या नायोबियम-टायटॅनियम तारेत टायटॅनियमचे सूक्ष्म कण राहू देतात. भोवऱ्याचा गाभा त्या कणावर बसला की तिथून हलायला तयार होत नाही. इंग्रजीत हे पिनिंग, म्हणून अनुवादात ‘टाचणे’ दिसतं. मी ‘अडवणे’ म्हणेन. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही पाटी आपण गावोगाव वाचली आहे. तिथे अडवलं की जिरतं. इथे उलट: भोवरे अडवले तर ऊर्जा जिरत नाही.

हे अडणं हाताला जाणवतंसुद्धा. एका महाविद्यालयाच्या प्रदर्शनात थर्माकोलच्या वाटीत द्रव नायट्रोजन ओतून त्यात अतिसंवाहकाची काळी चकती थंड केली होती, वर तरंगणारा छोटासा चुंबक. मी तो बोटाने तिरका केला. तो तिरकाच राहिला, हवेत, खाली काही नसताना. चिमट्याने वर उचलला तर चकतीही त्याच्यामागे वाटीतून वर आली, मधे बोटभर फट ठेवून. आतले भोवरे आपली जागा सोडायला तयार नव्हते. नायट्रोजन उडून गेला, चकती तापली, चुंबक टपकन पडला.

अडवलेले भोवरेही उष्णतेच्या धक्क्याने अधूनमधून एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतात. त्याला इंग्रजीत क्रीप म्हणतात. इथे ‘रांगणे’ मुळीच नको, रांगणारं बाळ दिसतं. भिंतीला टेकवलेली शिडी नकळत घसरते, तसं ‘घसरणे’ घ्या. भोवरे सुटून सरळ वाहू लागले तर ‘वाहणे’.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘अतिसंवाहकातले चुंबकीय भोवरे सरकू लागले की ऊर्जा उष्णता होऊन पदार्थात जिरते.’ संपादकाने ‘जिरते’ला बोलीभाषा म्हणून हरकत घेतली, तर ‘उष्णतारूपाने विखुरते’ करून द्या, पण ऱ्हास परत येऊ देऊ नका. आणि टाइप-टूचं ‘द्वितीय प्रकार’ करायचा मोह झाला तर तोही आवरा; प्रयोगशाळेत मराठी माणसंही टाइप-टूच म्हणतात.